दुसऱ्या अंकातला डॉक्टर

तीर्थस्वरूप मावशीस,

साष्टांग नमस्कार, आणि तोही कपाळ जमिनीला टेकून, कारण तक्रार तुझ्याच मुलाची आहे. तुझी पाठ कशी आहे? शेकायची पिशवी वापरतेस ना, की नुसतीच खुंटीला लटकवून ठेवली आहेस? इकडे सगळे बरे आहेत. म्हणजे बाकीचे बरे आहेत, माझं डोकं फिरलंय.

तुला ठाऊकच आहे की आमच्या बँकेच्या नाटकात दादा नायक आहे आणि मी डॉक्टर. काम लहान आहे, मान्य. दुसऱ्या अंकात वडील अंथरुणाला खिळलेले असतात, दादाने ओरडायचं, "अरे, कुणीतरी डॉक्टरांना बोलवा!", मग मी बॅग घेऊन आत जायचं, नाडी बघायची आणि म्हणायचं, "काळजी करू नका, धोका टळलाय." (पुढच्या प्रवेशात वडील जातातच, पण त्यात दोष लेखकाचा, माझा नव्हे.) हे वाक्य मी इतकं घोटलंय की बायको म्हणते, तुम्ही झोपेतही मला धीर देता.

पण दादा नेमकं तेवढंच विसरतो गं. पहिल्या प्रयोगात वडिलांचा हात धरून रडता रडता त्याने एकदम पुढच्या प्रवेशातलं, बाबा गेल्यानंतरचं भाषण सुरू केलं. वडील झालेले आमचे हेडकॅशियर तोवर चांगले कण्हत होते, ते बिचारे घाईघाईने मेले. टाळ्यांचा कडकडाट! आणि मी विंगेत, तोंडाला रंग, गळ्यात स्टेथोस्कोप, खांबासारखा उभा. माझं काम बघायला सासूबाई मुद्दाम आल्या होत्या. त्यांची आता पक्की समजूत झाली आहे की मला दारावर तिकिटं फाडायला ठेवलंय. दादाला विचारलं तर म्हणतो, भावनेच्या भरात राहून गेलं. मला फार वाईट वाटलं, मावशी. त्या दिवशी मी जेवलोसुद्धा नाही.

दुसऱ्या प्रयोगाला ठरवूनच गेलो की कुणी बोलवो न बोलवो, आपण आत जायचं. दादाने पुन्हा पुढच्या प्रवेशातल्या भाषणावर उडी मारली. मी निघालो, तर बॅग विंगेच्या पडद्यात अडकली. ती सोडवेपर्यंत दिवे जाऊन आले, खाट गेली आणि भिंतीवर हेडकॅशियरांचा फोटो लागला. हे माझ्या लक्षात आलं तोवर मी रंगमंचाच्या मधोमध. आता परत फिरणं माझ्या रक्तात नाही (शेवटी तुझ्याच बहिणीचा मुलगा). सरळ फोटोपाशी गेलो, तो नीट न्याहाळला आणि दादाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "काळजी करू नका, धोका टळलाय." लोक खुर्च्यांवरून पडायचेच बाकी होते. आमचे मॅनेजर म्हणजेच दिग्दर्शक, ते तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत.

रविवारी शेवटचा प्रयोग आहे. सासूबाईंना पुन्हा बोलावलंय. काहीही होवो, माणूस जिवंत असताना मी आत जाणार म्हणजे जाणार. तुझ्यासाठी पहिल्या रांगेतली खुर्ची धरून ठेवली आहे, नक्की ये.

तुझा,
धाकटा

ता. क. – एक छोटंसं काम होतं. हेडकॅशियर कण्हायला लागले की तू उठून उभी राहा आणि खणखणीत आवाजात ओरड, "अरे, कुणीतरी डॉक्टरांना बोलवा!" बाकी मी बघतो.

आणखी एक – दादा तुला सांगेल की डॉक्टरचं काम नाटकातून काढून टाकलंय. मॅनेजरांनी खरंच काढलंय, पण तू तिकडे लक्ष देऊ नकोस. पहिल्या रांगेतली बाई डॉक्टर मागते आहे, समोर माणूस मरतो आहे, आणि तरी मला आत सोडायचं नाही म्हणणारा कोण निघतो, ते मी बघतोच.