फोनवरची विद्यार्थिनी

आदरणीय मॅडम,

हे पत्र तुम्हाला पाठवायचा धीर होणार नाही, म्हणूनच खरं लिहिते. घरबसल्या पदवी करणाऱ्यांना फोनवरून शिकवल्याचा किती उपयोग होतो, यावरच्या अहवालात तुम्ही माझं उदाहरण देणार आहात. पण दर आठवड्याला तुमच्याशी बोलते ती माझी सून. तुमचे प्रश्न मला झेपेनात, म्हणून एकदा तिच्या हाती फोन दिला, तो दिलाच.

काल भांडी घासताना ती म्हणाली, "आई, यंदा माझ्या नावाने प्रवेश घेऊ?"

"आता काय शिकायचं वय आहे का तुझं?"

मी बासष्टची आहे, मॅडम.

तेवढ्यात तुमचा फोन आला. तिने ओले हात पुसले आणि माझं नाव सांगून बोलू लागली.

पटावर नाव असलेली,
तुमची विद्यार्थिनी