दोन होड्यांचे दिवे

मंगळवार, तिन्हीसांजा

मुलगी पसंत, घर पसंत, पण म्हणे पत्रिकेत शनी-मंगळाची युती! पंधरा दिवस आचऱ्याची ती बाई, मुलाची आई, हेच दळतेय. माझ्या सुमनला तो मुलगा आवडलाय म्हणून मी गप्प. आज मात्र सुमनवरच भडकले. शाळेत इंग्रजी शिकवते ती. तिने मला हाताला धरून किनाऱ्यावर नेलं. वर आकाशात शुक्र नि गुरू अगदी चिकटून.

"आई, युतीक इंग्रजीत कंजंक्शन म्हणतत. 'आणि', 'पण' असल्या जोडणाऱ्या शब्दांकपण तोच शब्द. पण हे ग्रह चिकटाक नाय गो, लांब लांब आसत."

"गप गो! डोळ्यांनी दिसता तां खोटां?"

तिने समुद्राकडे बोट केलं. दोन होड्यांचे दिवे एकमेकांना टेकलेले. एक आमच्या ह्यांची, जवळच. दुसरी पार खोल पाण्यात. जन्म गेला माझा हे दिवे बघण्यात! होड्या आपटल्या म्हणून कधी ओरडले का मी?

तिथनंच आचऱ्याच्या त्या बाईला फोन लावला. "बाये, तुमचो 'पण' पुरे झालो. तुमच्या झिलाक घेवन दर्यार येवा, होड्यांचे दिवे दाखवतंय. आणि रविवारपर्यंत हो की नाय तां सांगा. सोमवारी माका सुमनसाठी दुसरो झील बघूचो आसा."