पोरगी कोणापाशी होती

फुलचूर
२१ ऑगस्ट २०२५, गुरुवार

प्रिय रुख्माताई,

नमस्कार. इकडे आम्ही बरे आहोत. तुमचा धानाचा रोवणा आटोपला आणि भाऊजींची कंबर अजून धरलेलीच आहे, हे अंजूकडून कळलं. त्यांना म्हणावं, निंदणाला तरी वाकू नका.

अंजू उद्या पोळ्यासाठी माहेरी, तुमच्या सौंदडलाच येते आहे. हे पत्र ती तुझ्या हातात देईल. माझी बायको असली तरी तिनं ते वाचलेलं नाही. फोन केला असता, पण तू फोन स्पीकरवर ठेवून स्वयंपाक करतेस आणि व्हॉट्सॲप भाऊजी वाचतात. म्हणून कागद. एकटी असशील तेव्हाच वाच.

आधी एक काम. टिकाराम भाऊजी राइस मिलवर सगळ्यांना सांगून राहिले म्हणे, की साळ्याचा सिनेमा येणार आहे. चौकात बॅनर लावायचं चाललं आहे. त्यांना थांबव. हिमांशुची गोष्ट कंपनीनं घेतली नाही, असं सांग. मी पण त्यांना तेच सांगितलं आहे.

तुला खरं सांगतो. गोष्ट घेतली. सिनेमा तयार आहे. १९ सप्टेंबरपासून मोबाइलवर दिसेल.

शाळेच्या ऑफिसातली नोकरी सांभाळून मी सहा वर्षं लिहितो आहे, हे तुला माहीतच आहे. पहिली चार वर्षं कोणी वाचलंसुद्धा नाही. मग मुंबईच्या रितिका मॅडम भेटल्या. नव्या लेखकांच्या गोष्टी सिनेमाच्या कंपन्यांपर्यंत न्यायच्या, करार करून द्यायचा, आपला वाटा घ्यायचा, हे त्यांचं काम. मॅनेजर म्हणतात त्यांना. बाई वाईट नाहीत. फोन उचलतात, मनापासून वाचतात. फुटलेल्या तलावाची मातीची पार बाबांनी गाव गोळा करून कशी बांधली, ती गोष्ट मी त्यांना पाठवली होती. त्यांना आवडली. मग ती अकरा वेळा बदलायला लावली. कुठल्या कंपनीला गाणी हवी, कुठल्या कंपनीला बाबा तरुण हवे. मी बदलत गेलो. तरी दोन ठिकाणांहून नकार आला.

मागच्या दिवाळीनंतर व्हिडिओ कॉलवर त्या म्हणाल्या, "हिमांशु, सब ठीक लिखा है. पर पढ़ते हुए मुझे कहीं चोट नहीं लगी. तलाव ने किसी से कुछ छीना नहीं क्या?"

 मी सांगितलं.

काय सांगितलं ते तुला कळलं असेल, ताई. तरी लिहितो, नाही तर या पत्राला अर्थ नाही.

तुझ्या सासूबाईंच्या तेरवीच्या दिवशी तू मला तलावाच्या पारीवर घेऊन गेलीस आणि बोललीस. तुझी टीना गेली तेव्हा अडीच वर्षांची होती. त्या दिवशी रोवण्यावर जाताना तू तिला आजीजवळून उचलून नेलंस. जेवणानंतर झाडाखाली तुझा डोळा लागला. ती चालत पाण्यात गेली. गाव जमलं. भाऊजींनी ओरडून विचारलं, "पोरगी कोणापाशी होती?" तुझ्या तोंडून शब्द निघेना. तुझ्या सासूबाई, शांतीबाई, धावत आल्या होत्या, त्यांनी तुझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "माज्यापाशी होती. माजाच डोळा लागला."

त्यानंतर नऊ वर्षं भाऊजी आपल्या मायशी बोलले नाहीत. तिनं मरेपर्यंत शब्द फिरवला नाही. तू मला म्हणालीस, "मी काऊन नाई बोलली रे?" आणि म्हणालीस, हे तुझ्यात ठेव.

मी हे मॅडमला पाच मिनिटांत सांगून टाकलं. नावं सांगितली नाहीत, बाकी सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. म्हणाल्या, "यही लिखो. बस यही." मला आनंद झाला, ताई. हेही तुला सांगायला हवं. सहा वर्षांत पहिल्यांदा कोणी माझं ऐकून रडलं होतं. मी चार दिवसांत सगळं नव्यानं लिहिलं. त्यात बाबा उरलेच नाहीत. जानेवारीत करार झाला.

तेव्हा मनाची समजूत घातली, की गाव बदललं, नावं बदलली, कोणाला कळणार? पण वर माझं नाव येणार होतं. आणि भाऊजी तर पहिला सिनेमा म्हणून अख्ख्या गावासोबत बसून पाहणार होते. पोरगी गेलेला बाप तो. त्याला कळायला नाव लागत नाही.

जूनमध्ये मॅडमनं तयार सिनेमा पाहायला पाठवला. मी दुपारी ऑफिसातच पाहिला. ती बाई गप्प उभी राहते, म्हातारी बोलते. मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. तलावाचा तुडूम, पाणी सोडायचं तोंड, त्यांनी चुकीच्या बाजूला दाखवला आहे, एवढंच मला दिसलं. पाहून झाल्यावर मी डबा खाल्ला. तेव्हापासून असाच आहे. जेवतो, झोपतो, कोणी काही बोललं तर दुसऱ्यांदा विचारावं लागतं.

दुसऱ्या दिवशी फोन केला. "मॅडम, वो सीन निकल सकता है क्या?"

"वही तो पिक्चर है, हिमांशु. और अब वो तुम्हारी नहीं, कंपनी की है."

"तो मेरा नाम निकाल दो."

 त्या म्हणाल्या, "छह साल किसलिए लिखा फिर?"  त्यांनी नाव काढायचा कागद पाठवला. चुन्नीलालच्या झेरॉक्सच्या दुकानात त्याची प्रिंट काढून सही केली. तो म्हणाला, "काय जी, नवी नोकरी लागली का?" मी हो म्हणालो.

आता सिनेमावर दुसऱ्या कोणाचं तरी नाव आहे. मी ते वाचलं नाही. नाव काढून मी काही फेडलं, असं समजू नकोस. मला तो सीन लिहिण्याआधी तुला विचारायला पाहिजे होतं. विचारलं नाही, कारण तू नाही म्हणाली असतीस.

मॅडमनं परवा फोन केला होता. दुसरी गोष्ट दे म्हणतात. मी नाही म्हटलं नाही आणि हो पण म्हटलं नाही.

रविवारी मी येतो. भाऊजींना सांगायचं तू ठरवलंस तर मी तुझ्या शेजारी बसेन आणि माझा भाग मी सांगेन. नाही सांगायचं ठरवलंस तर मीही बोलणार नाही. शांतीबाई गप्प राहिल्या त्या तुझ्यासाठी. मी बोललो तो माझ्यासाठी. दारातूनच परत जा म्हणालीस तरी चालेल. पण काही तरी बोल, ताई. या वेळी गप्प राहू नकोस.

तू म्हणशील तर अजून तुझा भाऊ,
हिमांशु