डाव्या कडेचं मीठ

तीर महिना, ५

आधी तारीख घाल. घातलीस? नाहीतर उद्या हेच पान उघडशील आणि मलाच विचारशील — आई, हे कधीचं ग? स्वतःच्या लग्नात चपला घरी विसरून आलेली तू! आणि म्हातारी झाले मी म्हणे!

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज काय हललं, काय नाही हललं, लिहून ठेवा. मला अक्षर येत नाही. म्हणून मी, वर्कनेश, बोलणार आणि माझी लेक हिरुत लिहिणार. बोलेन तसंच लिहायचं, शिव्यांसकट. मधलं गाळलंस तर मला कळायचं नाही, पण वरच्याला कळेल.

तर. माझ्या तोंडाची डावी बाजू मेली आहे.

लिहिलंस? रडू नकोस, शाई पसरेल.

तीर, ६

कसं झालं ते लिही.

गावात असताना आधी कान दुखायला लागला. डावा. आत निखारा ठेवल्यासारखा. शेजारची मामिते आली, नाक वर करून माझा वास घेतला आणि म्हणाली, "तेलकट खाऊन उन्हात गेली असशील. उन्हाची बाधा आहे ही." दमाकसेचा पाला तळहातावर चुरला आणि हिरवा रस कानात पिळला. दुसऱ्या दिवशी कानात पुटकुळ्या. "बघ, बाधा बाहेर पडतेय!" — मामिते खूश. मीही खूश. आमच्याकडे कोण कुणाला नाही म्हणतं?

मग कॉफी. माझी सून अस्नाकू बिया भाजत होती, बायका जमल्या होत्या. पहिला पेला तोंडाला लावला आणि कॉफी डाव्या कोपऱ्यातून सरळ खाली, पांढऱ्या शालीवर. सगळ्या हसल्या. मी नकला करते ना! पाद्रीबाबांची, तलाठ्याची, मामितेची. अस्नाकू पोट धरून म्हणाली, "आत्याबाई, पुरे की आता! ही कुणाची हो?"

"नक्कल नाही ग," म्हणायला गेले तर ओठ मिटेनात. शब्द फस्‌फस्‌ करत बाहेर. त्या आणखी हसल्या. मामिते तर मांडीवर थापा मारत होती.

अस्नाकूनं मग माझ्या डोळ्याकडे पाहिलं. उजवा मिटत होता. डावा उघडाच, माशाच्या डोळ्यासारखा. तिनं कॉफीचं मातीचं भांडं खाली ठेवलं. आमच्यात तीन पेले झाल्याशिवाय कुणी उठत नाही. त्या दिवशी पहिल्यावरच सगळ्या उठल्या. पायात चपला सरकवताना कुणी माझ्याकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं अस्नाकूनं मला बहिर दार शहरात आणून लेकीच्या हवाली केलं.

तीर, ७

डॉक्टरीणबाईंचं राहून गेलं. नाव हरेग. माझ्या नातीएवढी. म्हणाली, "आजी, भुवया वर करा." केल्या. उजवी गेली, डावी बसून. ती म्हणाली, "छान!"

छान? कपाळ हलत नाही म्हणून खूश होणारी पहिलीच बाई बघितली!

तिनं समजावलं. डोक्यातला झटका असता तर कपाळ हललं असतं. कपाळाला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम येतो, एक बाजू बंद पडली तरी दुसरी चालवून घेते. तुमचं कपाळसुद्धा गप्प आहे, म्हणजे मेंदू ठीक, बिघाड वाटेतल्या नसेत. कानामागच्या हाडात एक बोळ आहे म्हणे, अगदी अरुंद. त्यात दोन शेजारणी जोडीनं शिरतात — एक चेहरा हलवणारी, एक ऐकणारी. लहानपणी कांजिण्या आल्या होत्या ना? त्यांचं बी तिथंच झोपलं होतं. आता उठलं. एकीच्या घराला आग लागली, दुसरीच्या घरात धूर गेला. नस सुजली, आणि हाड काही सरकत नाही.

म्हणजे माझ्या कानामागे जन्मभर कुणीतरी फुकट राहत होतं! भाडं नाही, काही नाही!

गोळ्या दिल्या, मोठ्या. डोळ्यात घालायचं औषध दिलं. झोपताना पापणी ओढून चिकटपट्टी लावायची. उशीर केला नाहीत म्हणाली. मामितेचा पाला तिला सांगितला नाही.

"बरं होईल ना?" हिरुतनं विचारलं. डॉक्टरीणबाई लगेच बोलली नाही. मला डाव्या कानानं ऐकू येत नाही, पण ती गप्प राहिली ते मी दोन्ही कानांनी ऐकलं.

तीर, ८

गालाला चिमटा काढला. कळतो! दुखतो! पण हलत नाही. स्वतःच्या घरात बांधून ठेवल्यासारखं.

तीर, ९

आज उठले तर भिंत फिरली. खाट धरून बसले. हिरुत, तुला सांगितलं नव्हतं, आता लिही. मी भ्यायले आहे.

माझी आत्या झेनेबेच. तिचं तोंड वाकडं होतं. माझ्या जन्माआधीचं. शाल अशी ओढायची की अर्धाच चेहरा दिसावा. बाजारात मीठ विकायची, गिऱ्हाइकाला उजवी बाजू देऊन बसायची. लोक म्हणायचे, नजर लागली. पोरंबाळं असलेल्या बायका तिच्यापुढून लेकरं पदराखाली घेऊन जायच्या. ती गेली तेव्हा माझ्या आईनं तिचा डावा डोळा मिटायचा किती प्रयत्न केला! मिटेना. हात काढला की पुन्हा उघडायचा. शेवटी तसंच गुंडाळलं. माती पडताना ती बघत होती, असंच मला वाटत राहिलं. आजही वाटतं.

मला तसं नको. मरायला मी कधीची तयार आहे. उघड्या डोळ्यानं नको.

लिहिलंस का? मग मान का खाली घातलीस? लिहून झालं की वर बघायचं. उजवीकडे बस माझ्या. नाही — डावीकडे बस. तूच माझ्या डावीकडे बसली नाहीस तर कोण बसणार!

तीर, ११

तिमकत, येशूच्या स्नानाचा सण. आज सगळं गाव पाण्याकडे. जावई गेटाहुननं त्याच्या बजाज रिक्षात मला मागे उशा लावून बसवलं, "सासूबाई, आज तुम्ही राणीसाहेब!" म्हणाला. चांगला आहे, फक्त वळणं फार जोरात घेतो. मला ओकारी आली.

चर्चमधून देवाची पेटी निघाली. रेशमी छत्र्या, ढोल. उजव्या कानाला ढोल, डाव्या कानाला जातं — घर्र घर्र, दळणारं कुणीच नाही. पेटी समोर आली. बायकांनी इलल्‌ सुरू केला, जीभ नाचवत आनंदाची आरोळी. आणि बाजूच्या म्हातारीनं मला कोपरानं ढोसलं, "तुम्ही नाही का देत?"

मी! गावात कुठंही बाळ जन्मलं तरी पहिला इलल्‌ माझा. सुईण नाळ कापायच्या आधी माझ्याकडे बघते. डोंगरापलीकडे ऐकू जायचा, मुलगा की मुलगी ते माझ्या आवाजावरून पलीकडच्या गावाला कळायचं.

तोंड उघडलं. जीभ हलली. पण ओठ गोळा होईनात. डाव्या कोपऱ्यातून नुसती हवा — आणि थुंकी. म्हातारीच्या बाहीवर पडली. तिनं बाही पुसली, माझ्याकडे नीट पाहिलं, आणि दोन पावलं बाजूला झाली. छातीवर क्रूस काढत.

शाल ओढली मी. अर्ध्या तोंडावर. हिरुत, शपथ सांगते, हात आपोआप गेला. अगदी झेनेबेच आत्यासारखा.

तीर, १२

काही हललं नाही. लिहिण्यासारखं काही नाही. पान वाया.

तीर, १५

गोळ्या संपल्या. काही हललं नाही.

अस्नाकूनं गाडीवाल्याबरोबर शिरोचं पीठ पाठवलं, डाळ मीठ-मसाला घालूनच दळलेली. हिरुतनं शिजवलं. मला उजवीकडे दात नाहीत, डावीकडंच चावते. घास डाव्या गालात जाऊन बसतो, बोटानं बाहेर काढावा लागतो, लहान पोरासारखा. आणि चव? ओली माती!

निरोप पाठवला: सूनबाई, माहेरी मीठ संपलं का? वाटण करताना हात आखडू नकोस.

हिरुत म्हणते, "आई, तिनं नेहमीसारखंच केलंय." तू तिची बाजू घेऊ नकोस. तू लिही.

तीर, १७

डॉक्टरीणबाईंनी आज नवीन काम लावलं. चेहरा हलवणारी हीच नस जिभेच्या पुढच्या अर्ध्या भागाला चवही पोचवते. माझी डावी. जीभ बाहेर काढायची, डाव्या कडेला मिठाची चिमूट ठेवायची, जीभ आत न घेता ओळखायचं — मीठ की साखर. "आजी, चव बहुतेक आधी परत येते," म्हणाली. "चव आली की समजा नस जिवंत आहे, चेहरा मागून येईल." आणि नाही आली तर? "बघू," म्हणाली. डॉक्टरांचा 'बघू' मला ठाऊक आहे. गाय जगणार नसली की गुरांचा डॉक्टरही असंच म्हणतो.

हिरुतनं काहीतरी ठेवलं. वाळू.

"मीठ होतं, आई."

तीर, १९

आली! हिरुत, लिही, आली! बेर्बेरेचा लाल तिखट मसाला डाव्या कडेला ठेवला आणि जाळ! डोळ्यात पाणी आलं — म्हणजे उजव्या डोळ्यात. मी ओरडले. गेटाहुन पळत आला. मी म्हटलं, रिक्षा काढ, डॉक्टरीणबाईला सांगू.

तीर, २०

नाही आली.

तिखट जाळतं ते दुसऱ्याच नसेचं काम म्हणे. चिमटा कळतो ना, तीच नस. ती कधी आजारीच नव्हती. डॉक्टरीणबाईनं फार हळू सांगितलं. माझा हातही धरला. हात धरला तेव्हाच घाबरले.

तीर, २२

कानाची तपासणी. लोखंडाचा दुफाटा चिमटा गुडघ्यावर आपटून माझ्या कपाळावर उभा केला. गुणगुण कुठं येते? उजवीकडे. अगदी मधोमध ठेवला होता तरी सगळा आवाज उजवीकडे पळाला. डावीकडची वाट मोडली आहे म्हणाली. ऐकणाऱ्या शेजारणीचं काही सांगता येत नाही. कदाचित येईल थोडं. कदाचित नाही.

घरी येताना गेटाहुन माझ्या डाव्या बाजूनं काही सांगत होता. मी त्याच्याकडे पाहिलंच नाही. नंतर हिरुतकडून कळलं, विनोद सांगत होता बिचारा.

तीर, २६

अस्नाकूचं दुसरं गाठोडं. पुन्हा माती! उजवीकडे काहीतरी लागतं, पण तिकडं दातच नाहीत, जेवू कशानं?

पुन्हा निरोप: सूनबाई, तुला चिमटीनं मीठ घालायला कुणी शिकवलं? मूठ वापर!

तिनं गाडीवाल्याकडून उलट निरोप पाठवला, "आत्याबाईंना म्हणावं, घातलं. आणखी घालते. पण मनाला लावून घेऊ नका, इकडं तुमच्याशिवाय भांडायलाही मजा नाही."

निर्लज्ज आहे! आवडली मला.

हिरुतनं जेवताना चार वेळा पाणी घेतलं. गेटाहुननं मडकंच जवळ ओढलं. उन्हाळा वाढलाय.

तीर, ३०

आरसा मागितला. देत नव्हतीस. दिलास.

झेनेबेच आत्या दिसली.

सकाळी डोळा लाल होता, पापणीखाली खडे भरल्यासारखा. डॉक्टरीणबाईनं औषध वाढवलं, म्हणाली, कोरडा पडू देऊ नका, जखम झाली तर नजर जाईल. म्हणजे कान, तोंड, आणि आता डोळा. घराची एकेक खोली बंद करत चालले आहेत आणि मी आत आहे.

हिरुत, एक मागते. ही वही डॉक्टरीणबाईला दाखवशील तेव्हा हे पान दुमड. मी गेले आणि डोळा मिटला नाही तर ती चिकटपट्टी लाव. लोक काय म्हणतील ते म्हणू देत. दोन पट्ट्या लाव. एक सुटते.

रडतेस कशाला? मी अजून इथंच आहे. चल, मिठाची चिमूट आण. आजचं राहिलंय.

वाळू.

येकातित महिना, ३

अस्नाकूचं तिसरं गाठोडं. शिरो तोंडात घातली. डावीकडे.

थुंकले!

खारट! हिरुत, किती खारट! मिठाचा डोंगर! कुणी खावं हे? जनावरानंसुद्धा तोंड लावू नये! मी ओरडत होते आणि हिरुत पळी हातात घेऊन उभी, हलेना. गेटाहुन आधी हसला, मग भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"आई," हिरुत म्हणाली, "पहिल्यापासून खारट आहे. प्रत्येक वेळी ती आणखी घालते."

म्हणजे तुम्ही दोघं रोज हे खात होता? आणि एक शब्द नाही!

मग साखर ठेवायला लावली. डाव्या कडेला, जीभ बाहेर. हिरुतनं इतक्या घाईनं ठेवली की निम्मी हनुवटीवर सांडली. उरलेली — अगदी दूरवरून, पलीकडच्या डोंगरावर कुणाच्या तरी घरी बाळ झालं असावं, तशी गोड लागली.

आता निरोप लिही, आणि शब्द चुकवू नकोस: सूनबाई, पुढची शिरो मिठाशिवाय पाठव, मीठ मी इथं घालीन. आणि मध पाठव. पांढरा. मोठा डबा.