खुर्ची सोडल्याबद्दल

सोलापूर,
१२ ऑक्टोबर १९७६

चि. शंकरप्पा यास, अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व खुशाल. तुझ्या ईरम्मावहिनीचा गुडघा दुखतो, पण स्वयंपाकघर सोडत नाही. तुझं पत्र पोचलं. आमच्या गिरणीत बॉयलर चालवणारं नवं पॅनेल बसवल्याबद्दल कंपनीनं तुला बढती दिली. वाचून आनंद झाला असं लिहायला हवं. झाला नाही.

आमच्या बॉयलरवरचा तिप्पण्णा दवाखान्यात आहे. दोन्ही हात कोपरापर्यंत भाजलेत. आणि वर गिरणीनं त्याला चार्जशीट दिलंय: ‘कामावर असताना परवानगीशिवाय खुर्ची सोडली.’ सोमवारी चौकशी. दोषी ठरला तर बावीस वर्षांची नोकरी जाईल.

झालं ते असं. खंडेनवमीला आम्ही नेहमीसारखी बॉयलरची पूजा केली. यंदा तुझं पॅनेलही पुसलं, भस्माचे पट्टे ओढले, झेंडूची माळ घातली. पुसताना मधला गोल खटका फिरला आणि एक पिवळा दिवा लागला. तिप्पण्णानं विचारलं, "ह्ये काय म्हनायचं?"

"चांगलंच हाय. पूजा पावली," मी म्हणालो. सगळे हसले.

परवा तुमच्या कंपनीचा माणूस आला, तेव्हा कळलं. पिवळा दिवा लागला की पंप आपोआप सुरू होत नाही, माणसानं सुरू करायचा. एक वाक्य, शंकरप्पा! एवढं एक वाक्य तुला मराठीत नाही तर कानडीत सात माणसांना सांगता आलं नाही? दोन दिवस होतास. माझ्या घरी जेवलास. मी विचारलं तर हसून म्हणालास, "अण्णा, तू कशाला त्यात डोकं घालतोस? ते सगळं आपोआप करतं. तुम्ही नुसतं खुर्चीत बसायचं." पुस्तक दिलंस ते इंग्रजी, आणि ते मॅनेजरच्या कपाटात कुलपात. मशीनला शहाणं केलंस आणि आम्हाला खुळ्यात काढलंस.

पाण्याचा काटा खाली येत होता. पण तुझं पॅनेल बसल्यापासून तो रोजच खाली यायचा आणि आपला आपण वर जायचा. घंटा तर दिवसातून वीस वेळा उगाच वाजायची. त्या दिवशी पूजेनंतरही वाजली. बटण दाबून गप केली आणि काटा वर जायची वाट बघत बसलो.

तिप्पण्णा उठला, पळत खाली बॉयलरपाशी गेला. आतलं पाणी दाखवणारी काच रिकामी होती. त्यानं भट्टीचं दार उघडलं आणि पेटलेला कोळसा फावड्यानं बाहेर ओढून काढला. नाहीतर बॉयलर फुटला असता. शेजारच्या खात्यात तेव्हा साठ माणसं कामावर होती.

तो न विचारता उठला, असा रिपोर्ट फोरमननं दिला आहे. फोरमन मीच.

त्यानं विचारलं होतं. "सिद्रामअण्णा, पंपाचा आवाज न्हाय की. खाली जाऊन काच बगतो," म्हणाला. मी म्हणालो, "बस गप. खुर्ची सोडायची न्हाय." दिव्याचं मला काही कळत नव्हतं, पण सात माणसांसमोर तसं म्हणायची लाज वाटली. धाकट्या भावाला पुन्हा विचारायचीही लाजच वाटली होती. मॅनेजरनं कागद पुढं केला, तेव्हा त्याच लाजेनं सही केली.

काल तिप्पण्णाची बायको नागव्वा घरी आली. नवऱ्याला दोन घास भरवून तशीच आली होती. ईरम्माला म्हणाली, "सिद्रामअण्णा हायती, ते बगतील की." मी आतल्या खोलीत होतो. बाहेर आलो नाही. मला माझा इतका संताप आला की ताट तसंच सारलं.

आज सकाळी दुसरा कागद लिहून मॅनेजरच्या टेबलावर ठेवला. तिप्पण्णानं परवानगी मागितली, मी नाकारली, तो माझं न ऐकता गेला म्हणून सगळे वाचले, असं लिहिलंय. पॅनेल कुणी समजावून सांगितलं नाही, हेही लिहिलंय. खाली तुझं नाव घातलंय, हुद्द्यासकट. माझी नोकरी जाईल. तुझी बढती राहील का, ठाऊक नाही.

सोमवारी दहा वाजता ये. चौकशीत सांगायचं ते सांग, मग बॉयलरवर ये आणि एकेका दिव्याला हात लावून माणसांना सांग. खुर्चीत न बसता.

येणार असशील तर तुझा अण्णा.
नाहीतर नुसता,
सिद्रामप्पा, बॉयलर फोरमन