आतल्या दोन शिवणी

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

प्रिय गुंडे,

मी ठीक आहे. गुडघा ठीक नाही, पण त्याची हकिकत लिहिण्यासारखी नाही. घराला रंग दिला. रंगाऱ्याने खिडक्यांच्या काचाही सोडल्या नाहीत. तू बरी आहेस असं दर फोनवर सांगतेस, म्हणून विचारत नाही. 'सगळं छान' म्हणून तू फोन ठेवतेस आणि माझं वाक्य अर्धवट राहतं. पत्राला मध्येच तोडता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

रविवारपासून मला किळस आली आहे. ती कुणाच्या तरी पदरात टाकल्याशिवाय घास उतरणार नाही. तर ऐक.

इथल्या ग्रंथालयाच्या सभागृहात जुन्या विणकामाचं प्रदर्शन होतं. आमच्या विणकाम मंडळातली दातांची डॉक्टरीण मला बळेच घेऊन गेली. तुला माझा नाद ठाऊक आहेच. जुन्या पुस्तिकांवरून तसेच आखूड, कमरेत घट्ट, खांद्याला फुगा असलेले स्वेटर विणायचे. जुना नमुना एकच माप देतो, तेही चित्रातल्या काडीसारख्या बाईचं. बाकीचं गणित विणणारीने करायचं. मला ते आवडतं. म्हणजे जुन्याचं मला वावडं नाही, हे लक्षात घे. ढोंगाचं आहे.

दारातच अत्तराचा भपकारा आला. आत पिवळे दिवे लावून सगळं म्हातारं केलेलं. लाकडी पुतळ्यांच्या अंगावर भोकं पडलेले, मुद्दाम चुरगाळलेले कपडे. बायका त्यांच्यापुढे हात जोडायच्या बाकी होत्या.

"ही साठ वर्षांची?" डॉक्टरीण एका टोपीकडे बघून म्हणाली. "हिची लोकर तर माझ्या नातवापेक्षा तरुण दिसते."

मधल्या पुतळ्यावर एक स्वेटर होता, समोरून बटणांचा. रंग जुन्या दातांसारखा. खाली चिठ्ठी होती: 'साठ वर्षांपूर्वी एका आईने मुलीसाठी विणलेला. आई नाही, तिची ऊब आहे.' मग मी चिठ्ठी सोडून स्वेटर पाहिला.

आपल्या आईची ती पुस्तिका तुला आठवते का? वेणीचा नमुना असलेली. त्यात डाव्या बाजूच्या ओळी छापताना चुकल्या आहेत. तसंच विणलं, तर खांद्याजवळची शेवटची वेणी उलटी वळते. फोटो काढताना एकाने भलतीकडे पाहावं तशी. आई दर वेळी ती तशीच विणायची. मी दाखवलं तर म्हणायची, "छापणारे काय वेडे होते?" मी मात्र ती चूक दुरुस्त करून विणते. या स्वेटरच्या दोन्ही वेण्या सरळ होत्या. म्हणजे तो आईचा नव्हता. माझा होता. मागच्या थंडीत तुला पाठवलेला, दुधी रंगाचा.

दुधी! त्याला चहाच्या पाण्यात बुचकळून काढलं होतं. कसर लागलेली दिसावी म्हणून बाहीला भोक पाडलं होतं, आणि भोकाच्या कडा सरळ कापलेल्या. कसर कात्री वापरत नाही.

एवढ्यात मागून आवाज आला, "अगंबाई, मावशी! तुम्ही इथे?" तुझी सून.

"मी या गावात राहते. तू इथे कशी, ते सांग."

"माझा स्टॉल आहे ना. तुम्हाला कळवणारच होते, राहून गेलं."

"आणि हे चहात कुणी बुडवलं?"

"मावशी, हळू बोला ना. नवं म्हटलं तर लोक ढुंकून बघत नाहीत. जुनं म्हटलं की त्यांचे डोळे भरून येतात."

"म्हणून माझी आई साठ वर्षांपूर्वी इथे विणायला बसवलीस?"

"पण आजी खरंच गेल्यात ना आता."

"गेली. पण हा तिचा नाही. यात चूक नाही."

तिला काही कळलं नाही. ती माझ्याकडे, वेड लागलेल्या बाईकडे बघावं तशी बघत राहिली. मी स्वेटर पुतळ्यावरून उतरवला, टेबलावर ठेवला आणि सवयीने उलटा केला. कपडा समोरून खोटं बोलतो, आतून नाही.

आत मशीनची टीप! दोन्ही कुशींना, बगलेपासून खालपर्यंत. हातविणीच्या अंगात मशीनची टीप म्हणजे काय, हे मी तुला सांगायला नको. लोकर ताणाला वाव मागते आणि टीप तिचा गळा आवळते. मला इतका राग आला की माझा आवाज सभागृहाच्या दुसऱ्या टोकाला गेला. "हे कुणी केलं?"

"आईंनी शिंप्याकडून…" ती म्हणाली आणि थांबली. पुतळ्याखालची चिठ्ठी उचलून तिच्या बारीक बारीक घड्या घालत राहिली. "त्यांनीच दिला मला नंतर. म्हणाल्या, आता जड होतो."

"स्वेटर? जड?"

"मावशी, मला शपथ घातली आहे त्यांनी."

तिचे डोळे भरले. गिऱ्हाइकांसाठी भरतात तसे नाहीत. मी तिला रुमाल दिला नाही, तेवढी मी चांगली नाही. स्वेटर पिशवीत कोंबला आणि निघाले.

"अगं, तो प्रदर्शनातला आहे!" डॉक्टरीण मागून ओरडली.

"होता," मी म्हटलं.

घरी आणून भिजत घातला. पाणी पुन्हा पुन्हा बदललं, तरी चहाचा रंग पुरता गेला नाही. त्या पाण्याचा वास, ओल्या लोकरीचा आणि त्या अत्तराचा, अजून मोरीत आहे. मग स्वेटर टॉवेलवर उलटा पसरला आणि टीप उसवायला ब्लेड घेतलं.

उसवली नाही. कारण टीप एक नव्हती, दोन होत्या. एक बाहेरची, जरा जुनी. दुसरी तिच्या बरीच आत. पुतळ्यासाठी कुणी शिंप्याकडे जात नाही. पुतळ्याला मागून टाचण्या लावतात. हा स्वेटर एका माणसाला ढगळ झाला, म्हणून आत घेतला. मग पुन्हा ढगळ झाला, म्हणून पुन्हा घेतला.

आणि पाठीवर लोकरीचे गोळे आले आहेत. चालत्याफिरत्या माणसाच्या स्वेटरला गोळे येतात ते बगलेत आणि कोपरांवर. तिथे जवळजवळ नाहीत. पाठीवर, खांद्यांच्या मध्ये, दाट आले आहेत. तिथे कुणाला येतात, हे मला ठाऊक आहे. आईच्या शेवटच्या, अंथरुणातल्या स्वेटरला आले होते.

तू गेल्या पत्रात लिहिलंस, 'रोज सकाळी फिरायला जाते, त्यामुळे जरा उतरले आहे, तू बघशील तर ओळखणार नाहीस.' गुंडे, त्या चहाची मला किळस आली, पण या वाक्याची जास्त आली. तुझ्या सुनेने अनोळखी लोकांना फसवलं. तू मला फसवलंस, आणि वर थट्टा केलीस. जन्मलीस तेव्हा लोकरीच्या गुंड्यासारखी गोल होतीस म्हणून आईने तुला हे नाव ठेवलं. त्या गुंड्याचा धागा कुणीतरी रोज ओढत होतं आणि मी इथे बसून पुतळ्यांवर चिडत होते.

दुखण्याचं नाव विचारत नाही. ते तू माझ्यासमोर सांगायचंस, कागदावर नाही.

आता कामाचं. मी दोन पदरी लोकर आणली आहे, अगदी हलकी. हातात घेतली तर आहे की नाही कळत नाही. ती जड होणार नाही. दुधीच आहे. बटणं पुढेच ठेवते, म्हणजे घालताना हात वर करावे लागणार नाहीत. माप मात्र फोनवर मागणार नाही, कारण तू खोटं सांगशील आणि खोट्या मापावर मी टाके घालत नाही. सोमवारी फीत घेऊन येते. चार दिवसांसाठी नाही, स्वेटर होईपर्यंत. मी सावकाश विणणार आहे, हे आत्ताच सांगून ठेवते.

सुनेला बोलू नकोस. तिने शपथ मोडलेली नाही. चुगली स्वेटरने केली. तिला एवढंच सांग, की घरातला चहा प्यायला ठेव.

आणि या खेपेला डावी वेणी छापली आहे तशीच विणणार आहे, चुकीसकट. कुणी विचारलं, तर खुशाल सांग, आईचा आहे.

सोमवारी दाराला आतून कडी लावू नकोस. मला बेल वाजवून तुला उठवायचं नाही.

तुझी,
ताई