मराठी कुणाला कळतंय?

लीड्स,
६ फेब्रुवारी २०२४

ती. प्रमोदिनीआत्यास,
वरदाचा सा. न. वि. वि.

तुझे फोन उचलत नाहीये, म्हणून तू चिडली असशील. अगं, तोंड उघडायची लाज वाटते आहे, म्हणून लिहिते.

शिकागोतल्या ज्यूंच्या इतिहासावर मी पीएचडी करते हे तू सगळ्या पिनरला सांगितलं आहेस. त्यातल्या कोकणातून गेलेल्या बेने इस्राएल ज्यू कुटुंबांच्या चॅप्टरसाठी तू मला तिथे राहणारी तुझी जुनी मैत्रीण मिळवून दिलीस. सिपोरामावशी किती भरभरून बोलल्या माझ्याशी! रेवदंड्याचं घर, नारळाच्या दुधातली सांदणं, तुमच्या हॉस्पिटलमधल्या नाइट ड्यूट्या. आणि एकदा त्यांच्या यजमानांची, कै. एझ्राकाकांची गोष्ट. मुलाच्या, नॅथनच्या, बार मिट्झ्वाच्या म्हणजे तेराव्या वर्षीच्या मुंजीसारख्या विधीच्या आधी शिकागोतल्या सिनेगॉगने म्हटलं, इंडियात कुठले आलेत ज्यू? धर्म बदलून येणाऱ्याला देतात तशी पाण्यात डुबकी काकांना घ्यायला लावली. शनिवारी घाणा बंद ठेवून शनवार तेली म्हणवून घेणाऱ्यांचा हा वंशज! मुलाचा दिवस बिघडू नये म्हणून काका गुपचूप उतरले पाण्यात. मावशी म्हणाल्या, हे नॅथनला ठाऊक नाही आणि व्हायलाही नको.

गेल्या आठवड्यात शिकागोच्या एका मंडळासाठी माझं ऑनलाइन लेक्चर होतं. मावशींचा आवाज ऐकवावा म्हणून मी रेकॉर्डिंगमधला नेमका तोच तुकडा लावला, कारण तिथे त्यांचा आवाज कापतो. नाव दिलं नाही, भाषांतर दिलं नाही. म्हटलं, मराठी कुणाला कळतंय तिथे? नॅथन ऐकत होता, आत्या. आईनेच कौतुकाने बसवलं होतं त्याला. त्याने कॅमेरा बंद केला आणि मी पुढची स्लाइड दाखवली.

लोभ असू दे म्हणायची हिंमत नाही. उरला असेल तेवढा राहू दे.
वरदा

पिनर,
११ फेब्रुवारी

चि. वरदास,
अनेक आशीर्वाद. रागातसुद्धा ते द्यावेच लागतात.

अक्कल काय गहाण ठेवली होतीस? लेकरू आईच्या स्वयंपाकघरात वाढलं की भाषा कानात बसते, बोलो न बोलो. बसमध्ये शेजारच्या माणसाबद्दल मराठीत बोलायची आपल्या लोकांची खोड मलाही आहे. हॅरोला एका गृहस्थाच्या केसांना मी टोप म्हटलं, तर उतरताना तो म्हणाला, बाई, माझेच आहेत. पण ते हसण्यावारी गेलं. हे कसं जाईल?

दर शुक्रवारी दिवे लावायच्या वेळी नॅथन आईकडे जेवायला येतो. हा शुक्रवार तो आला नाही. सिपोरा फोनवर एवढंच म्हणाली की मासळी जास्तीची झाली. तुझ्याबद्दल चकार शब्द काढला नाही. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. आणि मीच तिला म्हटलं होतं, आपलीच पोर आहे, मोकळेपणी बोल. तेव्हा तुझ्याइतकीच मी जबाबदार.

आता माफीची ईमेल धाडून मोकळी होऊ नकोस. नॅथनला फोन कर आणि तो बोलेल ते ऐक. आणि जेवत जा वेळेवर, फ्रोझन पराठ्यांवर राहू नकोस.

राग ओसरेपर्यंत लोभ आहेच असं धर.
प्रमोदिनीआत्या

लीड्स,
२० फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

केला फोन. दोन वेळा नंबर लावून ठेवून दिला, मग धीर केला. नॅथन मराठीतच बोलला, अडखळत, चुकत. मला तेच जास्त लागलं.

म्हणाला, तुझ्यावर राग नाही. मग सांगितलं की तो त्याच सिनेगॉगचा खजिनदार आहे आणि तिथल्या लायब्ररीला त्याने वडिलांचं नाव दिलं आहे. त्याचे डॅड कायम मागे, कोट टांगतात तिथे बसायचे, प्रार्थना संपायच्या आत निघायचे. हा त्यांना चारचौघांत आळशी म्हणायचा, यांना धर्माचं काही पडलेलं नाही म्हणायचा. ते नुसते हसायचे. आता कुणाची माफी मागू, असं त्याने मला विचारलं. मग म्हणाला, आईने चाळीस वर्षं मला सांगितलं नाही ते तुला कसं सांगितलं? तू कोण आमची?

आत्या, मी रेकॉर्डिंग अजून पुसलेलं नाही, पण मावशी म्हणतील तर पुसते, चॅप्टरही काढते. गाईड ओरडेल, ओरडू दे. खरं सांगू? तो तुकडा निवडताना मला छान वाटलं होतं. मावशींनी हे मलाच सांगितलं, आपली समजून सांगितलं, याचा मला माज चढला होता. तूच विचार ना त्यांना. त्यांना फोन लावायला मी धजत नाही.

लोभाचं तू ठरव.
वरदा

पिनर,
३ मार्च

चि. वरदास,
अनेक आशीर्वाद, या वेळी मनापासून.

परवा नॅथन गेला आईकडे. आधी जेवला. मग म्हणाला, पहिल्यापासून सांग, मराठीत सांग. सिपोराने सांगितलं. पाणी थंड होतं, एझ्राला नंतर ताप आला होता, आणि त्या तापातच तो बार मिट्झ्वाला मुलाच्या मागे उभा राहिला होता, तेही. एवढा मोठा बाप्या, पण आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडला म्हणे. खजिनदारी सोडणार का, ते त्याचं अजून ठरलेलं नाही. सिपोरा म्हणते, ठरवू दे त्याचं त्याला.

तुझा प्रश्न मी विचारला. ती म्हणाली, पुसू नकोस, धडाही ठेव. पण नॅथन वाचेल, मगच छाप. मी म्हटलं, पोरगी फार कष्टी आहे, तू तिला आपली मानून सांगितलंस आणि तिने असं केलं. तर बाई हसली. म्हणाली, आपली कसली? परकी होती म्हणून सांगितलं. आपल्या माणसाला असलं सांगवतं का कधी?

उन्हाळ्यात तिच्याकडे ये म्हणते. सांदणं करीन, राहा म्हणावं महिनाभर. पण तिचं ते रेकॉर्डिंगचं मशीन घरी ठेवून ये म्हणावं. आता ती घरातली झाली, आता तिला काही सांगणार नाही.

सिपोराचा लोभ तुझ्यावर असा जडला आहे. माझा होताच.
प्रमोदिनीआत्या